पेठ सोडून बाहेर फुटबॉल खेळायला जाऊ का? खालच्या लीगमध्ये फिरून खेळणाऱ्याचं करिअर नेमकं कसं चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २१, लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, कोल्हापूरच्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगला ए डिव्हिजनमध्ये पेठेच्या टीमकडून खेळतोय, पुण्याच्या एका क्लबनं ट्रायलला बघून आय-लीग ३ साठी ये म्हटलंय, पाच महिने, राहणं-जेवण आणि थोडा पगार. वडील म्हणतात गोकुळ शिरगावला एमआयडीसीत चिकट, तालमीतले म्हणतात पेठ सोडू नको, बीएचं शेवटचं वर्ष चालू आहे. आणि शेवटी विचारलंयस, "दादा, आयएसएलला पोचणार नाही हे मला कळतंय, पण खालच्या लीगमध्ये फिरत फिरत खेळून माणूस जगतो का?"

जगतो भावा. मी तेच केलंय, पेठेतून सुरुवात, मग मुंबईत ऑफिस टीमला कॉन्ट्रॅक्टवर, मग गोवा, कोलकाता, सेकंड डिव्हिजन, मधल्या काळात परत कोल्हापूर, आणि आता पोरांना कोचिंग. पण कुठल्या क्लबात जायचं हे ज्यानं नाव आणि जर्सी बघून ठरवलं तो पंचविशीत घरी बसला आणि खेळायला किती मिळणार हे बघून ज्यानं ठरवलं तो पस्तिशीपर्यंत खेळला, हे मी माझ्या बरोबरीच्या बऱ्याच पोरांच्या बाबतीत बघितलंय. खालच्या लीगमध्ये पुढच्या वर्षी तू काय विकणार आहेस? या वर्षी मैदानावर खेळलेली मिनिटं. दुसरं काही विकायला नसतंय आपल्याकडं. हे एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाच.

आधी कोल्हापूरचं बोलू, कारण तुला सगळ्यात जड तेच जाणार आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा किंवा दिलबहार विरुद्ध शिवाजी अशी मॅच असली की जी गर्दी होते ती मी आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनला कुठंही बघितलेली नाही, अगदी खरं सांगतो. कोलकात्यात मोठ्या क्लबांना गर्दी असते, पण खालच्या टीमच्या मॅचला कट्ट्यावर मोजकी माणसं असतात. इथं विशीतला पोरगा मंगळवार पेठेत चहाला उभा राहिला तर पैसे घेत नाहीत त्याच्याकडून. गोल मारला की मैदानावरच बक्षीस, मॅन ऑफ द मॅच, वरून अटल चषक, राजेश चषक, महापौर चषक अशा स्पर्धा. हे प्रेम खोटं नाही आणि कुणी त्याला हलकं लेखलं तर मला राग येतो. राजर्षी शाहूंच्या गावानं तालमीतली कुस्ती सांभाळली तसा तालमीतूनच फुटबॉलही उभा केला, ना मोठी कंपनी पाठीशी ना टीव्हीचा पैसा, तरी इतकी वर्षं चाललंय.

पण बाहेरच्या कोचला हे सगळं दिसत नाही. त्याला दिसतं की हा पोरगा वर्षात किती मॅच पूर्ण ९० मिनिटं खेळला, कुठल्या दर्जाच्या टीमविरुद्ध, आणि त्याचा व्हिडिओ आहे का. आपल्याकडं सीझन थंडीत सुरू होतो आणि वळीव पडायला लागला की संपतो, त्यात लीगच्या मॅच मोजक्या, बाकी नॉकआउट. नॉकआउटमध्ये पहिल्याच मॅचला बाहेर गेलात तर पुढं किती दिवस नुसता सराव. आणि इर्षेच्या मॅचमध्ये खेळ लांब बॉलचा होतो, सगळी पेठ ओरडत असताना मागून शांतपणे बांधून खेळायची हिंमत फार कमी टीम करतात. लेफ्ट बॅकला तर याचा फार तोटा आहे बघ, कारण तुझ्या डोक्यावरून बॉल जात राहतो. बाहेर तुला पहिलाच प्रश्न येणार, गोलकीपरकडून बॉल घेऊन आत वळता येतं का, समोरचा विंगर आत शिरला तर त्याच्या मागं जायचं की जागा धरायची, बॉल गेल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदात तू काय करतोस. हे खेळूनच येतं, बघून येत नाही.

अनिकेत जाधवचं नाव सगळे घेतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आपल्या कोल्हापूरचा पोरगा भारताकडून खेळला, नंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद. पण लोक एक गोष्ट विसरतात, तो लहान वयातच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. तू २१ ला निघतोयस, त्यामुळं त्याची वाट तुझी नाही, पण तो सुद्धा एका क्लबात चिकटून बसलेला नाही हे लक्षात घे. वरच्या लीगमध्येही क्लब बदलतातच, खालच्या लीगमध्ये फक्त जास्त वेळा आणि कमी नोटिशीवर बदलतात.

आता शिडी समजून घे. सगळ्यात वर आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ ला सुरू झालेली. तिच्या खाली आय-लीग, ती आधी पहिल्या नंबरची होती, २०२२-२३ पासून दुसऱ्या नंबरची झाली आणि तिचा विजेता वर जायला लागला. तिच्या खाली आय-लीग २, आणि २०२३-२४ पासून सगळ्यात खाली आय-लीग ३, जिथं वेगवेगळ्या राज्यांच्या लीगमधून आलेल्या टीम खेळतात. तुझी ऑफर या शेवटच्या पायरीवरची आहे. तिथली मेख अशी की गटातले सामने थोडे असतात, बऱ्याचदा एकाच ठिकाणी ठेवलेले, आणि टीम गटातच गारद झाली तर हातावर मोजण्याएवढ्या मॅचमध्ये विषय संपतो. म्हणजे पाच महिने म्हणतायत त्यात चार महिने सरावच असू शकतो. म्हणून क्लबला पहिलं हे विचार की आय-लीग ३ सोडून तुम्ही अजून काय खेळता, पुण्याची स्थानिक लीग खेळता का, कुठल्या स्पर्धेला जाता का, आणि लेफ्ट बॅकला तुमच्याकडं आधी कोण आहे. त्यांच्याकडं आधीच दोन लेफ्ट बॅक असतील तर तू तिसरा. तिसरा माणूस सरावाला लागतो म्हणून ठेवतात. डाव्या पायाचा बॅक सगळीकडं कमी मिळतो, तुझा पाय खरंच डावा असेल तर ही तुझी ताकद आहे, ती सांगताना लाजू नको.

इंग्लंडात खालच्या लीगमध्ये फिरणाऱ्या खेळाडूची एक जुनी परंपरा आहे. प्रीमियर लीगचे २० क्लब आणि तिच्या खालच्या तीन लीगचे प्रत्येकी २४ असे ९२, त्याखाली नॅशनल लीग आणि तिच्याही खाली बरंच काही. तिथं पोरांना एक-दोन वर्षांचे करार मिळतात, सीझन संपला की क्लब यादी लावतो कोण राहिला कोण गेला, आणि गेलेला माणूस उन्हाळाभर फोन फिरवत बसतो. उरुग्वेचा सेबास्टियन अब्रेऊ, २०१० च्या वर्ल्ड कपला घानाविरुद्ध शेवटची पेनल्टी अलगद चिप करून मारणारा, त्याच्या नावावर तर सगळ्यात जास्त क्लबांकडून खेळल्याचा गिनीज विक्रम लागला, २०१७ ला चिलीत २६ वा क्लब धरला तेव्हा. जर्मनीचा गोलकीपर लुट्झ फानेनस्टील फिफाच्या सहाही महासंघांच्या भागात प्रोफेशनल खेळून आला. पण या सगळ्यांत एक गोष्ट धरून चालतात, की खेळाडू हलतो आणि क्लब जागेवर राहतो. तिकडचे बरेच क्लब शंभर-सव्वाशे वर्षं जुने आहेत. १८८५ चा बरी क्लब २०१९ ला लीगमधून काढला तेव्हा सगळ्या देशात हळहळ झाली, कारण असं तिथं क्वचित होतं.

आपल्याकडं उलटं आहे. मुंबईची महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद. पंजाबची जेसीटी २०११ ला बंद. पुण्यात भारत एफसी २०१४-१५ चा एकच सीझन खेळली. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर आय-लीगला दिसली नाही. मुंबई एफसी पण त्याच सुमारास गेली. एफसी पुणे सिटी २०१९ ला संपली आणि हैदराबादला नवा क्लब उभा राहिला. म्हणजे एखादा पोरगा त्या दहा वर्षांत फक्त पुणे-मुंबईतच खेळायचं म्हणून बसला असता आणि प्रत्येक मॅच चांगली खेळला असता तरी त्याला चार वेळा क्लब शोधावा लागला असता. आणि हे खालच्यांचंच आहे असं नाही, २०२५ च्या जुलैत आयएसएलच थांबवून ठेवली तेव्हा काही क्लबांनी पहिल्या टीमचे पगार रोखले होते. म्हणून तू क्लब बदलत राहिलास तर घरच्यांनी किंवा पेठेतल्यांनी "पोरगं कुठं टिकत नाही" असं म्हणू नये एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. आपल्याकडं क्लबच टिकत नाहीत.

पैशाचं बोलू. आकडा ऐकून खूश व्हायचं नाही, वर्षानं भागायचं. समज महिना २० हजार ठरले आणि सीझन ५ महिन्यांचा, तर वर्षाचे झाले एक लाख, म्हणजे महिन्याला ८ हजार ३०० च्या आसपास. उरलेले सात महिने तू काय करणार यावर तुझं करिअर चालतं, त्या पाच महिन्यांवर नाही. मुरलेला खेळाडू वर्ष तुकड्यांनी जोडतो. पावसाळ्यात कोलकात्याची लीग असते, १८९८ पासूनची, आशियातली सगळ्यात जुनी, पण आता तिथं स्थानिक खेळाडू खेळवायची सक्ती असल्यानं बाहेरच्याला जागा कमी झालीय. गोव्यात लीग आहे, मुंबईत एमएफएची (मुंबई फुटबॉल असोसिएशन) लीग आहे आणि ऑफिस टीम आहेत. केरळात मलप्पुरमकडं सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांचं फुटबॉल चालतं, मॅचवर पैसे, गर्दी आपल्यासारखीच वेडी, पण मैदानं कडक आणि टॅकल त्याहून कडक, आणि त्या मॅच फेडरेशनच्या रेकॉर्डला धरत नाहीत. पैशाची अडचण असेल तर जा, पण गुडघा तुझा आहे.

एक नियम आत्ताच पाठ कर. एका वेळी एकाच क्लबला नोंदणी असते, एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस या खेळाडू नोंदणीच्या सिस्टीमवर. फिफाच्या नियमानं एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबांना नोंद करता येते आणि त्यातल्या दोघांकडूनच अधिकृत मॅच खेळता येतात, अपवाद फार थोडे. "पुण्याला जाऊन येतो, मग एप्रिलमध्ये पेठेकडून चषक खेळतो" असं तुझ्या डोक्यात असेल तर सही करायच्या आधीच केएसएच्या ऑफिसात जाऊन विचार, ट्रान्सफर कधीपर्यंत होते, परत येताना एनओसी कोण देणार. अशी पोरं मी बघितलीत की जी इथंही नाहीत आणि तिथंही नाहीत, पूर्ण सीझन गॅलरीत बसून मॅच बघतायत, कारण जुना क्लब एनओसी सोडत नाही आणि नव्याला घाई नाही.

करार कागदावर पाहिजे. व्हॉट्सॲपवर "ये, बघून घेऊ" हा करार नाही. त्यात तारीख कुठून कुठंपर्यंत, महिन्याचा पगार कुठल्या तारखेला, राहण्याची सोय म्हणजे नेमकं काय (एका खोलीत किती जण हे पण विचार, त्यात लाज नाही), आणि दुखापत झाली तर एमआरआय आणि ऑपरेशनचा खर्च कोण करणार. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा हेच गायब असतं. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर ऑपरेशननंतर मैदानावर यायला नऊ महिने तरी धरायचे, त्याच्या आधी घाई केली तर परत तुटायचा धोका वाढतो. म्हणजे तुझा एक पूर्ण सीझन गेला, आणि कराराच्या पाच महिन्यांतले तीन उरले असले तरी नंतर क्लब तुला ओळखणार नाही. म्हणून स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी काढून ठेव, आणि खेळताना झालेली दुखापत त्यात बसते का हे विमा एजंटला सरळ विचारून घे.

पगार थकणं हे खालच्या लीगमध्ये नवीन नाही. माझेही एका क्लबनं थकवले होते, त्यातले काही आले काही आले नाहीत. फिफाचा नियम असा आहे की दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडूनं क्लबला लेखी कळवायचं, किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, तरी नाही दिले तर तो योग्य कारणानं करार मोडू शकतो. पण त्याला करार नोंदलेला पाहिजे आणि कळवलेलं लेखी पाहिजे, मॅनेजरच्या खोलीत जाऊन भांडलो हे चालत नाही. ईमेल करायची सवय लाव. फेडरेशनची प्लेअर स्टेटस कमिटी अशा तक्रारी बघते, आणि एफपीएआय म्हणून खेळाडूंची संघटना आहे, २००६ ला बायचुंग भुतियाच्या पुढाकारानं झालेली, तिथं मदत मिळते. दहावी-बारावीची ओरिजिनल सर्टिफिकेटं आणि पासपोर्ट कुणाकडं ठेवायला द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची, मागणारा कितीही गोड बोलला तरी.

खेळाडूंच्या एजंटचंही तेच. ट्रायलसाठी पैसे मागणारा एजंट नसतो. चांगला असतो तो करार झाल्यावर त्यातून घेतो. त्याच्यापेक्षा जास्त कामाचे म्हणजे तुझ्याबरोबर खेळलेली पोरं. मला पुढची बहुतेक बोलावणी जुन्या टीममेटकडून आली, कुणी गोव्यात गेला आणि तिथल्या कोचनं विचारलं मिडफिल्डला कोण आहे का, त्यानं माझं नाव सांगितलं. ते नाव सांगतात तेव्हा खेळ एवढाच सांगत नाहीत, "पोरगा वेळेवर येतो, डोक्याला ताप नाही, बेंचवर बसवलं तर तोंड पाडत नाही" हे पण सांगतात. फिरत्या खेळाडूची खरी कला मला वाटतं हीच आहे, जानेवारीत एखाद्या अनोळखी टीममध्ये पोचायचं, दोन दिवसांत सगळ्यांची नावं, स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) उजवीकडून बॉल आवडतो का डावीकडून, कीपर ओरडतो का गप्प असतो, हे सगळं गोळा करायचं आणि शनिवारी त्यांच्यातलाच एक असल्यासारखं खेळायचं. हे ज्याला जमतं त्याला काम मिळत राहतं, त्याच्यापेक्षा चार गुण जास्त असलेला माणूस घरी असतो. हिंदी नीट बोलायला शीक, आणि थोडी बंगाली, थोडी कोकणी कानावर पडू दे.

व्हिडिओचं राहिलं. चार मिनिटांची क्लिप बनव, पण त्यात नुसते ओव्हरलॅप आणि क्रॉस टाकू नको, वन-ऑन-वन अडवलेलं, बॉल गेल्यावर परत धावलेलं, हेडर जिंकलेलं हे टाक. आणि एका पूर्ण मॅचची लिंक ठेव, समजणारा कोच तीच मागतो. पुण्यात गेल्यावर प्रत्येक मॅच रेकॉर्ड होते का हे बघ, होत नसेल तर भावाला ट्रायपॉड घेऊन पाठव.

आता वडिलांचं. त्यांचं चुकत नाहीये हे आधी मान. बीए पूर्ण कर, हे ऐच्छिक नाही. डिग्री असेल तर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) करता येतं, शाळेत लागता येतं, स्पर्धा परीक्षा देता येते. विद्यापीठाचा खेळाडू असशील तोपर्यंत शिवाजी विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळ, त्याचं सर्टिफिकेट पुढं कामाला येतं. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी सर्टिफिकेटची क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी लागते आणि कुठल्या पदाला कुठल्या पातळीचं पदक चालतं हे ठरलेलं आहे, नुसता सहभाग पुरेल असं धरून बसू नको, चालू जीआर स्वतः वाच. रेल्वे, आर्मी, पोलीस, त्यांची भरती वेगळी असते आणि त्यांना वयाची अट असते, म्हणून संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्यांच्या टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, निवड चाचणीला महाराष्ट्राकडून बोलावणं आलं तर बाकी सगळं सोडून जा. ती स्पर्धा १९४१ पासून चालू आहे आणि खालच्या लीगच्या खेळाडूची नोकरी अजूनही तिथूनच लागते, ऑफिस टीमचे लोक तिथं बसलेले असतात.

आणि खेळत असतानाच कोचिंगचं डी लायसन्स कर. थोड्या दिवसांचा कोर्स आहे, ऑफ सीझनमध्ये होतो, मग सी. बरेच जण म्हणतात खेळ संपला की करू. खेळ संपतो तेव्हा पोरगं शाळेत घालायचं असतं, घराचा हप्ता असतो, तेव्हा कोर्सला जायला ना पैसे ना वेळ. कोल्हापुरात आता लहान पोरांच्या अकॅडमी वाढल्यात, शिकवणारा लायसन्सवाला माणूस लागतोच.

शरीराबद्दल दोनच गोष्टी. जून ते सप्टेंबर कुणी तुला पळवणार नाही, तेव्हा स्वतः पळायचं, हॅमस्ट्रिंग आणि मांडीच्या आतल्या बाजूचा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी, कारण फिरत्या खेळाडूला क्लबचा फिजिओ ओळखायच्या आधीच मॅच असते. आणि बूट दोन प्रकारचे ठेव, गवताचे वेगळे, टर्फचे वेगळे. लांब स्टडचे बूट घालून टर्फवर वळताना गुडघे गेलेले बघितलेत.

तर आता तुझ्या ऑफरचं. माझं मत जा असं आहे, पण एका अटीवर, की लेफ्ट बॅकला तू पहिला किंवा दुसरा असशील आणि करार कागदावर असेल. तिसरा असशील तर हे वर्ष इथंच खेळ, ९० मिनिटं खेळ, रेकॉर्ड कर, पुढच्या वर्षी परत ट्रायल दे, २२ म्हणजे काही म्हातारा होत नाहीस. परीक्षेच्या तारखा करारात लिहून घे, सुट्टी मिळेल म्हणून. आणि तालमीतल्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नको. स्वतः जा, कारभाऱ्यांना भेट, सांग की मी हे हे कारणानं जातोय आणि मोकळा झालो की पहिलं तुमच्याकडंच येणार. चार दिवस बोलतील. मी गेलो तेव्हा मलाही बोलले होते, आणि गुडघ्याला लागून परत आलो तेव्हा माझ्या दवाखान्याचे पैसे गोळा करणारी माणसं तीच होती.

क्लबकडून कराराचा ड्राफ्ट आला की सही करायच्या आधी मला दाखव. सकाळी साडेसहा ते आठ मी पोरांना घेऊन दुधाळी मैदानावर असतो, वडिलांना पण घेऊन ये.